गुरूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा...

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे पवित्र गुरुवारी सायंकाळी, कॅथलिक चर्चमध्ये एक विधी होतो. जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील कॅथलिक मंडळीही त्याला अपवाद नाहीत. प्रार्थनाविधी मध्यावर आला की धर्मगुरू अंगावरचे मानाचे बाह्यवस्त्र उतरवून ठेवतात, कमरेला पंचा बांधतात आणि वेदीसमोर बसलेल्या साधारणतः बारा जणांपुढे गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात, पुसतात. ही बारा माणसे प्रतिष्ठितच असावीत असा नियम नाही. उलट ती तशी नसावीत अशीच विधीची अपेक्षा असते. चर्चबाहेरच्या नागरिकाला या प्रसंगाची फारशी कल्पना नसते. ख्रिस्ती सण म्हटला की नाताळचा तारा आणि केक एवढेच त्याला ठाऊक असते. परंतु ख्रिस्ती जीवनात नम्रता आणि सेवा या शब्दांना जो अर्थ आहे, तो समजून घ्यायचा तर गोठ्यातल्या बाळापेक्षा या घंगाळातल्या पाण्यापासून सुरुवात करणे अधिक उचित ठरेल.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात या विधीचे मूळ आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांसह भोजनास बसला होता. पॅलेस्टाइनमध्ये माणसे धुळीच्या रस्त्यांवरून वहाणा घालून चालत, त्यामुळे घरी आलेल्याचे पाय धुणे हा आतिथ्याचा भाग होता. मात्र दुसऱ्याचे पाय धुण्याचे काम दासाचे, आणि तेही शक्यतो परजातीय दासाचे मानले जाई. येशू भोजनावरून उठला, त्याने पंचा कमरेस बांधला आणि तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्राची पाळी आली तेव्हा त्याने पाय मागे घेतले. गुरूने आपले पाय धुवावेत ही कल्पनाच त्याला सहन होईना.

पेत्राचा हा संकोच युरोपातील वाचकाला कदाचित समजावून सांगावा लागत असेल. खानदेशातल्या माणसाला तो चटकन कळतो. आपल्याकडे पाय धुण्याची परंपरा जिवंत आहे, पण तिची दिशा ठरलेली आहे. लग्नात वधूपिता वराचे पाय धुतो. गुरुपौर्णिमेला शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो, चरणतीर्थ घेतो. पाणी नेहमी खालच्याच्या हातून वरच्याच्या पायांवर पडते. येशूने ही दिशाच उलटी केली आणि म्हणूनच पेत्र गडबडला. आपण पाय धुतले नाहीत तर तुला माझ्यात वाटा नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. सेवा करण्याइतकीच सेवा स्वीकारण्यालाही नम्रता लागते, हा या संवादातला सहज निसटून जाणारा अर्थ आहे. आणखी एक तपशील असा की, त्या पंक्तीत यहूदा इस्कर्योतही होता. काही तासांत तो आपल्या गुरूला शत्रूच्या हाती देणार होता. त्याचे पाय वगळले गेल्याचा उल्लेख शुभवर्तमानात नाही.

चर्चच्या इतिहासात या विधीचे स्वरूप बदलत गेले. पोप पायस बारावे यांनी 1955 मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली आणि पाय धुण्याला गुरुवारच्या सायंकालीन प्रार्थनेत स्थान मिळाले. तेव्हा नियमानुसार पुरुषांचेच पाय धुतले जात. पोप फ्रान्सिस यांनी निवडीनंतर दोनच आठवड्यांनी, 28 मार्च 2013 रोजी, रोममधील बालगुन्हेगारांच्या कोठडीत जाऊन बारा तरुण बंदींचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. जुन्या वळणाच्या धर्मपंडितांची त्यावर नाराजी उमटली. परंतु जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलून स्त्रियांचा समावेश अधिकृत करण्यात आला. 17 एप्रिल 2025 च्या पवित्र गुरुवारी आजारी पोप रोमच्या एका तुरुंगात पुन्हा गेले. या वर्षी पाय धुणे आपल्याला जमणार नाही, असे त्यांनी कैद्यांना सांगितले. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

'नम्र' हा शब्द आपण इतका वापरला आहे की तो पार गुळगुळीत झाला आहे. पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' येतो, निमंत्रणपत्रिकेत 'विनम्र' येतो आणि निवडणुकीच्या दिवसांत चौकाचौकांतल्या फलकांवर दहा फुटी छायाचित्राखाली 'आपला नम्र सेवक' अवतरतो. प्राचीन ग्रीक आणि रोमन समाजात मात्र हा शब्द सौजन्याचाही नव्हता. तिथे नम्र म्हणजे हलका, दबलेला, गुलामी वृत्तीचा. ॲरिस्टॉटलने गौरविलेला थोर मनाचा पुरुष आपले मोठेपण ओळखून असतो आणि त्याला साजेसा मान अपेक्षितो. लॅटिनमधील नम्रतावाचक शब्दाचे नाते माती या अर्थाच्या शब्दाशी आहे. जो शब्द अपमानासाठी वापरला जाई, त्याला ख्रिस्ती लेखकांनी सद्गुणाच्या आसनावर बसविले, हा विचारांच्या इतिहासातील मोठा बदल म्हणावा लागेल. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात यामागची धारणा सांगितली आहे. ख्रिस्ताला ईश्वराशी समानता होती. ती कवटाळून न बसता त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. म्हणजे ख्रिस्ती मनाच्या दृष्टीने नम्रता हा माणसाने ईश्वरापुढे दाखवायचा दुबळेपणा नसून, ती आधी ईश्वराचीच रीत आहे.

चर्चमधील पदनामांतही ही धारणा गोठून राहिली आहे. 'डीकन' या पदाचा मूळ ग्रीक अर्थ पंगतीत वाढणारा सेवक असा होतो. 'मिनिस्टर' या लॅटिन शब्दाचा अर्थही सेवकच. तो पुढे मंत्र्यांना लागू झाला, ही भाषेची गंमत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदी आलेल्या थोर ग्रेगरी यांनी 'देवाच्या सेवकांचा सेवक' हे बिरुद वापरले आणि ते आजही पोपच्या बिरुदांत आहे. बिरुद सेवकाचे आणि निवास राजवाड्यात, ही विसंगतीही तितकीच जुनी आहे, आणि तिच्यावर सर्वांत कठोर टीका चर्चमधल्याच संतांनी केलेली आहे.

खानदेशात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. कॅथलिकांसाठी जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. प्रॉटेस्टंट कार्याची सुरुवात त्याहून कितीतरी जुनी. अमेरिकेतील 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आले आणि तिथून रेल्वेच्या वाटेने पूर्व खानदेशात पोहोचले. या भागातील काही चर्चच्या नावांत 'अलायन्स' हा शब्द अजूनही आढळतो तो त्यामुळे. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नंदुरबार-नवापूरच्या भिल्ल व मावची पाड्यांत काम सुरू केले. खानदेश जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी 1906 मध्ये झाली आणि धुळ्यातून नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदींत जे 'पश्चिम खानदेश' दिसते, त्याचा मोठा भाग आजच्या नंदुरबारमध्ये आहे.

हे लोक आले तो काळ आपत्तींचा होता. 1899-1900 च्या छप्पन्नच्या दुष्काळाने खानदेश होरपळला. त्याच्या आगेमागे प्लेगने शहरे ओस पाडली. मिशनच्या अनाथालयांत याच काळात मुले भरली. या सेवेचा एक पैलू आज सहज लक्षात येत नाही. परक्याचे मलमूत्र उचलणे, जखमेतला पू पुसणे, बाळंतिणीचे रक्ताळलेले कपडे धुणे ही कामे इथल्या समाजाने जातीच्या उतरंडीत तळाशी ढकलली होती. शुश्रूषा हा प्रतिष्ठित व्यवसाय होऊ शकतो, हेच अनेकांना पटत नव्हते. स्वातंत्र्यापूर्वी देशातील परिचारिकांमध्ये ख्रिस्ती स्त्रियांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी पट अधिक होते, ते याच कारणाने. बेडपॅन उचलणारा हात कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्या वॉर्डांत विचारला जात नव्हता. मात्र चर्चच्या बाकांवर आणि सोयरिकींत तो विचारला जात राहिला, हेही लपविण्यात अर्थ नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाला हा झगडा परका नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना तोच निर्णय घेण्यास आणखी पाच वर्षे लागली. 'स्मृतिचित्रे'मधून दिसते ते असे की, त्यांच्या दृष्टीने खरी कसोटी धर्मतत्त्वांची नव्हती, सोवळ्या-ओवळ्याची होती. कोणाच्याही हातचे पाणी पिणे, कोणालाही जवळ करणे ही गोष्ट त्यांना आधी मनाशी लढून मिळवावी लागली आणि मगच प्लेगच्या छावणीतली रुग्णसेवा शक्य झाली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो, असे टिळक मानीत. वारकऱ्यांत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. ती लीनता ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याला घंगाळातले पाणी परके वाटण्याचे कारण नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण थोडे वेगळे आहे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. त्यांनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून मुद्दाम साधे शब्द निवडले. विद्वत्तेला खाली उतरविणे हे श्रीमंतीला खाली उतरविण्यापेक्षा अवघड असावे.

खानदेशाचा विचार करताना ख्रिस्ती नसलेली एक व्यक्ती टाळून पुढे जाता येत नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवणे, अंथरुणे नीट करणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे या त्यांच्या आठवणी अमळनेरात आजही सांगितल्या जातात. 'गुरुजी' म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, त्यांनी विद्यार्थ्यांची केरवारा काढून शिस्त शिकवली. योहानाच्या तेराव्या अध्यायावर याहून चांगले भाष्य खानदेशात शोधून सापडणार नाही. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी दिलेली गीतेवरील अठरा प्रवचने गुरुजींनीच उतरून घेतली. वक्त्याच्या शब्दांना आपले शब्द न मिसळता टिपून घेणे, हीसुद्धा एक सेवाच. त्याच विनोबांनी नंतर 'ख्रिस्तधर्म-सार' संकलित केले. ते बायबल आदराने वाचीत आणि त्यासाठी आपला धर्म सोडण्याची त्यांना गरज भासली नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सेवेच्या मागे धर्मांतराचा हेतू असेल तर तिला नम्र म्हणावे काय? हा आक्षेप जुना आहे. खानदेशाला लागून असलेले बुलढाणा, अकोला, अमरावती हे जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या राज्याच्या सरकारने 1954 मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 च्या अहवालात शाळा, रुग्णालये व अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी होत असल्याचा निष्कर्ष समितीने काढला. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी ठरविला. हा वाद आजही संपलेला नाही. पण तो बाजूला ठेवला, तरी बायबलमधली कसोटी संस्थांना अधिक अडचणीत टाकणारी आहे. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, सारे कर्तव्य केल्यावरही आपण केवळ सेवक आहोत असे म्हणावे, ही येशूची शिकवण आहे. लाभार्थ्यांचे छायाचित्र आणि देणगीदारांचा अहवाल यांच्या युगात तिचे पालन कसे व्हावे? शिवाय अन्न देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो. भुकेल्याला त्या क्षणी 'नाही' म्हणता येत नाही. म्हणूनच त्याच्या विश्वासाला हात न लावण्याची जबाबदारी देणाऱ्यावर अधिक येते.

अनुग्रह करणारा वरचढ राहतो, हा धोका ज्यांनी ओळखला त्यांत जामखेडच्या आरोळे दांपत्याचे नाव घ्यावे लागेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. 1970 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड येथे त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर गरिबाच्या दारी जातो एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावातल्या निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, अतिसार, क्षयरोग, कुष्ठरोग यांचे ज्ञान दिले आणि गावाच्या आरोग्याची सूत्रे त्यांच्या हाती सोपविली. आपल्या व्यवसायाची मक्तेदारी सोडणे डॉक्टरला किती जड जाते, हे वैद्यकीय क्षेत्रातील कोणीही सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये काढलेल्या पुस्तकात या प्रयोगाचा समावेश झाला आणि 1979 मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेत्राला जे शिकायचे होते तेच येथे डॉक्टरांना शिकावे लागले. गावाचे आजार कोणते आणि त्यामागची कारणे कोणती, हे त्यांना त्या बायकांकडून ऐकून घ्यावे लागले.

शहरी ख्रिस्ती संस्थांच्या वाट्याला दुसरीच परीक्षा आली आहे. गरिबांसाठी उघडलेल्या शाळा गुणवत्तेमुळे नावारूपाला आल्या आणि आज शहरोशहरी मिशनरी शाळांच्या प्रवेशासाठी मोटारींची रांग लागते. यात शाळांचा दोष शोधण्यापेक्षा यशाचा स्वभाव समजून घ्यावा. पण रांगेच्या मागे उभ्या असलेल्या घरकामवालीच्या मुलीला आत जागा आहे काय, हा प्रश्न संस्थेने दरवर्षी स्वतःला विचारायला हवा.

खानदेशात हा प्रश्न सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील चिंचपाड्याला कमी पडतो, कारण तिथे रांगेत बहुतांशी गरीबच असतात. नवापूर तालुक्यातील या गावी 1942 मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परदेशी मिशनरी परतू लागले आणि देशभरातील अशी रुग्णालये बंद पडण्याच्या बेतात आली. ती भारतीय हातांत टिकावीत म्हणून 1970 मध्ये 'इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन' स्थापन झाली आणि पुढे चिंचपाडाही तिच्यात सामील झाले. ज्यांनी आयुष्य घालून दवाखाने उभारले त्यांनी किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती देऊन बाजूला होणे, या गोष्टीची नोंद सहसा घेतली जात नाही. या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. क्षयरोग आहे, सर्पदंश आहे, ऊसतोडीसाठी गुजरातकडे होणारे स्थलांतर आहे. जे रुग्ण बरे होणार नाहीत, त्यांच्या घरी जाऊन वेदना कमी करण्याचे, जखमा धुण्याचे आणि घरच्यांना ते शिकविण्याचे कामही रुग्णालय करते. अशा कामात बरे झाल्याची आकडेवारी देता येत नाही.

पाय धुण्याचा विधी प्रॉटेस्टंट परंपरेतील बहुतेक मंडळ्यांत नसतो. नवापूरच्या पलीकडे व्यारा आणि आहवा, तसेच किनाऱ्यावर डहाणू येथे 1894 पासून गुजरातेत काम करणाऱ्या ब्रदरेन मिशनचा मात्र त्याला अपवाद आहे. त्या मंडळ्यांतील बहुतांश 1970 मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाल्या, तरी ब्रदरेनांचे 'प्रेमभोजन' प्रसिद्ध आहे. त्यात धर्मगुरू पुढे आणि बाकीचे प्रेक्षक अशी रचना नसते. पुरुष पुरुषांच्या आणि स्त्रिया स्त्रियांच्या रांगेत बसतात. एक जण शेजाऱ्याचे पाय धुतो, मग स्वतः बसून आपले पाय पुढे करतो. पहिली गोष्ट लोक लवकर शिकतात, दुसरीला वेळ लागतो.

कुष्ठरोगाच्या उपचारात हा विधी अक्षरशः औषध झाला आहे. रोगजंतू नष्ट करणारी बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने 1982 मध्ये स्वीकारली, पण मज्जातंतू निकामी झालेल्या पायांची संवेदना त्यामुळे परत येत नाही. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळत जाते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटे झडण्यामागे रोगापेक्षा ही न कळलेली इजाच अधिक कारणीभूत असते. त्यावर उपाय साधा आहे. रोज पाय वीस-तीस मिनिटे पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, तेल लावायचे आणि तळवा बोटाबोटांतून नीट पाहायचा. ज्याला स्वतःचा तळवा पाहता येत नाही, त्याच्यासाठी ते दुसऱ्याला करावे लागते.